भांगाचे शनिवार

घणसोली गावाच्या समाजमंदिरात पडदा नव्हता.
कुणीतरी घरून पांढरी चादर आणली,
खिडकीच्या गजांना बांधली.
खाडीवरून वारा आला की माझा आलेख पोट फुगवायचा.

विरघळलेला प्राणवायू, मी म्हणाले.
प्रति लिटर मिलिग्रॅम, मी म्हणाले.
लाल रेघ दाखवली,
डिसेंबरपासून तळाच्या पट्टीला टेकलेली.
पुढच्या रांगेत एक म्हातारा टोपी सारखी करत राहिला.
मागून कुणी विचारलं,
चहा आत्ताच सांगू, का नंतर?

मी देशावरची.
आमच्याकडे पाणी असतं किंवा नसतं.
ते दिवसातून दोनदा घरी जाऊन येतं
हे मी पुस्तकात शिकले.

तरी सोपं केलं. शिबिरात शिकवलं होतं सोपं करायला.
समजा, खाडीला दमा झालाय.
दोन पोरं हसली. तिसऱ्याने दमेकऱ्याची नक्कल केली,
चांगली केली.

मग चांगुणा मढवी उठली.
पडद्याजवळ येऊन तिने रेघेवर बोट ठेवलं.
बोटाची सावली माझ्या रेघेहून जाड.
"ये ठिपके कवाचे?"
दर दुसऱ्या शनिवारचे. सहा फेऱ्या. सकाळी दहा.
"शनवार नको सांगू. तीथ सांग."

भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर होतं.
मी तारखा वाचत गेले, ती पानं उलटत तिथ्या.
एकादशी. दशमी. पुन्हा दशमी. नवमी.
अष्टमी. सप्तमी.
कधी शुद्ध, कधी वद्य,
पण एकूणएक भांगाच्या.
"अगो, भांगाला पानी हलत नाय.
तोच येतं नि तोच जातं.
बोय तोंड वर काढून हवा पितं, आमी बघतूं ना.
उधानाला तू कवा आलीसच नाय."

पिशवीतल्या यंत्राला चंद्र माहीत नव्हता.
मला होता.
मी शनिवार निवडला,
कारण शनिवारी ऑफिसची गाडी मिळते.

अवसेला तिच्या पुतण्याच्या होडीतून गेलो.
तिवरांची मुळं बुडाली होती,
एक निवटी सुकाणूला चिकटून फुकट आली.
मी तार सोडली. आकडा चढत गेला,
भांगाला दीड होता, आता साडेचार.
चांगली बातमी आहे, मी जरा जोरातच म्हणाले.
रूपेशने वल्हं थांबवलं.
चांगुणाबाई पाण्याकडे बघत होती.
"मंग सायेब लोक आता योच आकरा वाचतील," ती म्हणाली.

तसंच झालं, पण थोडं वेगळं.
बेलापूरच्या एका थंडगार खोलीत
माझ्या दोन रेघा बघून साहेब म्हणाले,
दोन कशाला? सरासरी काढा, लोकांना समजेल असं द्या.
सरासरी तीन येत होती. तीन दिसायला बरा होता.
मी ते गावात जाऊन सांगितलं, बोटांवर, चादरीशिवाय.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तो टोपीवाला म्हातारा, जो मला वाटलं झोपलाय,
म्हणाला, अष्टमीला मेलेली बोय
अवसेला परत येते काय?

अहवालात दोन्ही रेघा ठेवल्या.
साहेबांचा फोन अजून आलेला नाही.

तक्त्यात पहिला रकाना आता तिथीचा.
प्रयोगशाळेतल्या नव्या मुलाने विचारलं,
मॅडम, हे पंचांग कशाला?
समज, खाडीला, मी सुरुवात केली
आणि थांबले.
येत्या अष्टमीला चल, म्हटलं.
जुने बूट घाल. चिखल गुडघ्यापर्यंत असतो.